किल्ली जुळत नाही तेव्हा

रायपूरमधील पंडरीचा कापडबाजार प्रसिद्ध आहे. कापडाचा तागा गिरणीतून निघून अनेक हातांतून दुकानी येतो; परंतु त्यावरील गिरणीचा शिक्का ओळखीचा असला, म्हणजे मधला वाहतूकदार अनोळखी असला तरी चालते. लिनक्स प्रणालीवर चालणारे संगणक नव्या आज्ञावल्या याच तत्त्वावर स्वीकारतात. फरक एवढाच की, कापडावरील शिक्क्याची नक्कल करता येते. या शिक्क्याची नक्कल करणे व्यवहारतः अशक्य असते.

ही व्यवस्था अशी : आज्ञावल्यांचे भांडार सांभाळणारी संस्था प्रत्येक आज्ञावलीचा गणिती गोषवारा काढते. मूळ मजकुरात एक अक्षर बदलले, तरी गोषवारा पार बदलतो. गोषवाऱ्यांच्या यादीवर ती संस्था आपल्या गुप्त किल्लीने स्वाक्षरी करते. तिच्या जोडीची प्रकट किल्ली वापरणाऱ्यांच्या संगणकांत आधीच ठेवलेली असते. प्रकट किल्लीने स्वाक्षरी पडताळता येते. करता मात्र येत नाही. अशा स्वाक्षरीची एक सुविख्यात पद्धत रिव्हेस्ट, शामीर व एडलमन यांनी १९७७ साली शोधून काढली. आपल्याकडे सी-डॅक या संस्थेने तयार केलेली 'बॉस' प्रणाली 'डेबियन' या लिनक्स-प्रणालीवर आधारलेली आहे; तिचा पायाही हाच.

एखाद्या दिवशी संगणक कळवितो की, स्वाक्षरी पडताळता येत नाही. आणि काम अडते. अशा वेळी प्रथम संगणकाची तारीख पाहावी. आतील लहान बॅटरी निकामी झाली, म्हणजे घड्याळ मागे पडते व आजची स्वाक्षरी त्याला भविष्यकाळातील वाटते. तारीख बरोबर असल्यास किल्लीची मुदत संपली आहे काय, हे पाहावे. संस्था नवी किल्ली बहुधा आगाऊ पाठवितात. परंतु दीर्घकाळ बंद राहिलेल्या संगणकास ती मिळालेली नसते.

कधी दोष वापरणाऱ्याचा नसतोच. २०२५ साली 'काली लिनक्स'च्या चालकांचा आपल्या गुप्त किल्लीवरील ताबा सुटला. ती चोरीस गेली नव्हती. तथापि तिने स्वाक्षरी करणे अशक्य झाल्यामुळे त्यांनी नवी किल्ली तयार केली व एप्रिलमध्ये तसे जाहीर केले. ती किल्ली वापरणाऱ्यांना स्वतः आणून बसवावी लागली.

नवी किल्ली आणताना एक दक्षता आवश्यक आहे. प्रत्येक किल्लीला तिचा असा एक ठसा असतो. प्रचलित पद्धतीत तो बहुधा चाळीस अक्षर-अंकांचा असतो. संस्थेने स्वतः प्रसिद्ध केलेल्या ठशाशी तो अक्षरशः ताडून पाहावा. कोणी तिऱ्हाइताने दिलेली किल्ली तशीच बसविणे, म्हणजे चोराकडूनच कुलूप विकत घेण्यासारखे आहे.

पडताळणीच बंद करण्याची सोय संगणकात असते, आणि घाईच्या वेळी तिचा मोह पडतो. पण अशा रीतीने आत आलेली आज्ञावली संगणकाच्या सर्वाधिकारानिशी बसविली जाते. ती खोटी निघाल्यास शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या सर्व नोंदी परक्याच्या हाती पडू शकतात. पडताळणी फसणे हा बहुतेक वेळा किरकोळ बिघाड असतो. क्वचित तीच खऱ्या संकटाची सूचना असते. कारण कळेपर्यंत दार बंद ठेवणे, हेच शहाणपणाचे होय.