ठोकळ्यांचा रोबो हातात का सुटायचा?

(मोशी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी पुनरुक्ती काढली आहे, बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, सुट्टीच्या दिवशी एवढी मोठी माणसं जमवून खेळण्यांवर काय बोलायचं? पण इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक भोसरी नाहीतर चाकणच्या कारखान्यांत काम करतात. कुणी मोल्डिंगला आहे, कुणी टूलरूमला, कुणी क्वालिटीला. तेव्हा हे खेळणं मी तुमच्यापुढे एक जॉब म्हणून ठेवतो. ड्रॉइंग हातात आलंय असं समजा आणि मला सांगा, हा जॉब तुम्ही घेतला असता का?

जॉब असा आहे. एक रोबो करायचा. तो उलगडला की माणसासारखा उभा राहिला पाहिजे, दुमडला की ट्रक झाला पाहिजे. शिवाय तो ठोकळ्यांचा हवा, म्हणजे मुलानं तो आधी स्वतः जोडायचा, नंतर वळवायचा, आणि वाटलं तर पुन्हा सगळा सुटा करायचा.

अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीनं हे करून बघितलं. नाव होतं 'बिल्ट टू रूल'. २००३ मध्ये ट्रान्सफॉर्मर्सच्या 'आर्माडा' मालिकेसोबत ही खेळणी आली, २००४ मध्ये 'एनर्जॉन' मालिकेसोबत आणखी काही आली. २००५ मध्ये ट्रान्सफॉर्मर्सची पुढची मालिका बाजारात आली, तेव्हा तिच्याबरोबर 'बिल्ट टू रूल' नव्हतं. दोन वर्षांत विषय संपला.

हॅस्ब्रो म्हणजे कोण, हे आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी जी.आय. जोचे सैनिक होते, त्यांनी खोक्यावर 'फनस्कूल' हे नाव वाचलं असेल. टायरवाली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून काढलेली ती कंपनी, आणि तिचा कारखाना आपल्या शेजारी गोव्यात. म्हणजे खेळण्यांच्या धंद्यातली ही मुरलेली मंडळी. त्यांना मोल्डिंग येत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. मग गाडी अडली कुठे?

ठोकळ्याची पकड

आधी ठोकळा घेऊ. वर गोल बटणं, खाली पोकळ. खालच्या पोकळीत नळ्या असतात. एक ठोकळा दुसऱ्यावर दाबला की खालच्याची बटणं वरच्याच्या भिंती आणि नळ्या यांच्यामध्ये चेपून बसतात. या नळ्यांचं पेटंट लेगोच्या गॉटफ्रेड कर्क ख्रिश्चनसेन यांनी डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल केलं. त्याआधीचे ठोकळे आतून नुसते पोकळ होते, त्यामुळे उंच काही रचलं की डगमगायचं. नळ्या आल्या आणि पकड आली.

तुमच्या भाषेत हा प्रेस फिट आहे. पण साधा प्रेस फिट नव्हे. आपण बेअरिंग बसवतो तेव्हा ते सुटू नये हीच अपेक्षा असते. इथे पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांनी तो बसला पाहिजे, आणि त्याच बोटांनी सुटलाही पाहिजे. हजार वेळा.

आता माप बघा. दोन बटणांच्या केंद्रांमधलं अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. मटेरियल एबीएस. एबीएस थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं. म्हणजे १६ मिलिमीटरच्या ठोकळ्यात ०.०८ मिलिमीटर गेले. आणि पकड ठरते ती याच्याहून कितीतरी लहान फरकावर. काही मायक्रॉन इकडे झाले तर ठोकळा बसत नाही, तिकडे झाले तर आपोआप पडतो. त्यामुळे साचा, प्रेशर, थंड व्हायचा वेळ, सगळं मुठीत ठेवावं लागतं. स्वस्तातले ठोकळे घरी आणले की दोन-चार 'ढिले' का निघतात, त्याचं उत्तर हेच.

एक गोष्ट मात्र कुणालाही करायला मोकळी होती, ती म्हणजे ठोकळ्याचा आकार. मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली होती. लेगोनं मग हा आकार म्हणजे आमची ओळख आहे असा दावा करून बघितला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये आणि युरोपच्या न्यायालयानं २०१० मध्ये तो मानला नाही. कारण असं की बटणांचा आकार हा कामाचा आकार आहे, आणि कामाचा आकार ट्रेडमार्क म्हणून कायमचा एकाच्या नावावर करता येत नाही. त्यामुळे हॅस्ब्रोला लेगोशी जुळणारे ठोकळे काढायला अडचण नव्हती.

रोबोची पकड

आता दुसरी बाजू. ट्रान्सफॉर्मर्स १९८४ मध्ये आले, पण खेळणी मूळची जपानची. टाकारा कंपनीच्या 'डायक्लोन' आणि 'मायक्रो चेंज' या मालिकांमधली खेळणी हॅस्ब्रोनं घेतली, नवी नावं दिली, कथा दिली. आपला लाल-निळा ऑप्टिमस प्राइम हा आधी डायक्लोनमधला ट्रक होता.

त्या खेळण्यात मुलाला काय मिळतं? वळवण्याची गंमत. हात आत, पाय वर, डोकं खाली, झाला ट्रक. यासाठी प्रत्येक सांधा असा हवा की जोर लावला की फिरेल, हात काढला की तिथेच थांबेल. म्हणजे सांध्यात घर्षण पाहिजे. हाताचं वजन पेलण्याइतकं तर पाहिजेच. कमी पडलं तर रोबोचा हात लोंबकळतो, आणि लोंबकळता हात घेऊन कुणी लढाईला जात नाही. (हशा)

इथे सांध्यात पिना असतात, स्क्रू असतात. सांधा सुटणं म्हणजे खेळणं मोडणं.

आता दोन्ही शेजारी ठेवा. ठोकळा सुटला तर तो खेळ आहे. रोबोचा सांधा सुटला तर ती तक्रार आहे. एकाच वस्तूकडून आपण दोन्ही मागतोय.

सांगाडा घातला, तरी

हॅस्ब्रोच्या लोकांना ही अडचण दिसली नव्हती असं अजिबात नाही. त्यांनी मधला मार्ग काढला. रोबोच्या आत एक तयार सांगाडा दिला, त्याला नाव दिलं 'ट्रान्स-स्केलेटन'. सांधे सांगाड्यात, आणि त्याच्यावर ठोकळ्यांचं मांस. वळवायचं काम सांगाड्याचं, दिसायचं काम ठोकळ्यांचं. कागदावर एकदम चोख.

तरीही लोकांची मुख्य तक्रार एकच राहिली. वळवायला गेलं की ठोकळे निखळतात.

का? तर मूल सांगाडा धरत नाही. सांगाडा ठोकळ्यांखाली झाकलेला आहे. मूल धरतं ठोकळा. म्हणजे सांधा फिरवायचा सगळा जोर आधी बटणांमधून जातो आणि मग सांध्यापर्यंत पोहोचतो.

ढोबळ हिशोब करू. समजा हाताचा ठोकळा सांगाड्याला दोन बटणांनी धरलाय, बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर. मुलानं हात टोकाला धरला, बटणांपासून ४८ मिलिमीटरवर. तिथे त्यानं १ किलोचा जोर दिला, तर बटणापाशी उचलणारा जोर साधारण ६ किलोचा होतो. अठ्ठेचाळीस भागिले आठ. हा तर पाना झाला! लेगोवाले घट्ट बसलेले ठोकळे काढायला एक छोटी प्लास्टिकची पट्टी देतात, तीही नेमकी असंच काम करते, एका टोकाला दाबलं की दुसऱ्या टोकाला ठोकळा उचकटतो. इथे रोबोचा हात स्वतःच ती पट्टी बनला होता.

मग म्हणाल, सांधे ढिले करा. केले, तर हात लोंबकळतो, त्यातून वर ठोकळ्यांचं वजन. बरं, ठोकळ्यांची पकड वाढवा. वाढवली, तर मुलाला ते काढता येत नाहीत, मग ते ठोकळे कशाला? सांध्याचं घर्षण बटणांच्या पकडीपेक्षा कमी आणि हाताच्या वजनापेक्षा जास्त, एवढ्या बारीक फटीत डिझाइन बसवायचं होतं. ती फट वापरानं आणखी बुजत जाते, कारण खेळून खेळून बटणंही झिजतात.

पुण्याच्या जुन्या घरांमध्ये मेकॅनो असायचं, छिद्रांच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट. त्याची क्रेन कितीही फिरवा, सुटत नाही. पण जोडायला दुपार जाते, सोडवायला दुसरी दुपार. ठोकळ्याचं यश या वेळेत आहे. पकड वाढवायची तर वेळ मोजावा लागतो, हे तिथेही चुकत नाही.

पुढे दोन उत्तरं

हॅस्ब्रोनं २०११ मध्ये पुन्हा ठोकळे आणले, 'क्रे-ओ' नावानं. या वेळी दक्षिण कोरियाच्या ऑक्सफर्ड या ठोकळे बनवणाऱ्या कंपनीला बरोबर घेतलं. आणि सुरुवातीच्या संचांमध्ये त्यांनी सरळ एक मागणी सोडून दिली. हा रोबो वळत नव्हता. रोबो जोडा, नाहीतर तोच सुटा करून त्याच ठोकळ्यांची गाडी जोडा. ट्रान्सफॉर्मर्सच्या चाहत्यांनी नाकं मुरडली, पण ठोकळा ठोकळ्यासारखा वागत होता.

दुसरं उत्तर लेगोकडून आलं. २०२२ मध्ये लेगो आणि हॅस्ब्रोनं मिळून ऑप्टिमस प्राइम काढला. तो न सोडता रोबोचा ट्रक होतो. पण त्याची किंमत बघा. मी पैशांबद्दल बोलत नाहीये. १,५०८ तुकडे, १९ ठिकाणी हालचाल, आणि खोक्यावर लिहिलंय वय १८ च्या पुढे. सांध्यांसाठी मुद्दाम केलेले भाग आहेत, आणि बाकीचे तुकडे आडवे-उभे एकमेकांत अडकवून बांधलेत, म्हणजे जोर एकट्या बटणावर येत नाही. २०२३ मध्ये याच पद्धतीनं बम्बलबी आला, ९५० तुकड्यांचा. काम झालं, पण लहान मुलाच्या हातून खेळणं निघून मोठ्या माणसाच्या शोकेसमध्ये गेलं.

म्हणजे तीन वेळा प्रयत्न झाले. पहिल्यात कुठलीच मागणी सोडली नाही. दुसऱ्यात वळवणं सोडलं. तिसऱ्यात लहान मूल सोडलं.

मला 'बिल्ट टू रूल'बद्दल म्हणूनच आस्था वाटते. ते कुणाच्या आळसानं पडलं नाही. दोन चालणाऱ्या वस्तू एकत्र केल्या की तिसरी चालेलच असं आपण धरून चालतो, आणि आपल्या पट्ट्यात तर रोज कुणीतरी असा प्रस्ताव घेऊन येतो. त्या वेळी एक प्रश्न विचारायचा. गिऱ्हाईक ही वस्तू नेमकी कुठे धरणार आहे, आणि तिथला जोर कुठल्या जोडावरून जाणार आहे? उत्तर ड्रॉइंगवर बोट ठेवून देता आलं पाहिजे. नाही आलं, तर साच्यासाठी स्टील कापू नका.

प्रश्नोत्तरं

*मालिका बंद पडली की साच्यांचं काय होतं? आमच्याकडे रॅकवर असे पडून आहेत.*

हा खरा दुखरा प्रश्न आहे. साच्याचा खर्च नगावर वाटायचा असतो, तेवढे नगच निघाले नाहीत तर तो अंगावर येतो. खेळण्यांच्या धंद्यात यावर दोन तोडगे आहेत. ट्रान्सफॉर्मर्समध्ये एकाच साच्यातून रंग बदलून वेगळी पात्रं काढतात. स्टारस्क्रीम, स्कायवॉर्प आणि थंडरक्रॅकर ही तीन विमानं एकाच साच्याची. ठोकळ्यात उलट, एकच ठोकळा शेकडो संचांत जातो, त्यामुळे एक संच बंद पडला तरी साचा चालू राहतो. खास एका रोबोसाठी केलेला सांगाडा मात्र त्या रोबोबरोबर संपतो. आपल्याकडचंच बघा. तळेगावच्या जनरल मोटर्सनं २०१७ च्या अखेरीस देशातली विक्री थांबवली, निर्यातीसाठीचं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं. अशा वेळी खास त्या गाडीसाठी केलेली टूल्स दुसऱ्या कुणाच्या कामाची नसतात. म्हणून टूल कुणाच्या मालकीचं, ऑर्डर थांबली तर उरलेला खर्च कोण देणार, हे पहिल्या शॉटच्या आधी लिहून घ्या. तोंडी नको.

*ठोकळे सांगाड्याला चिकटवून टाकले असते तर?*

तर तो चांगला रोबो झाला असता. (हशा) मग ठोकळ्यांचे पैसे कशाला द्यायचे, असं तुम्हीच विचारलं असतं.

*माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला यातलं काय घ्यावं?*

ताई, दोन्ही घ्या, पण वेगवेगळं घ्या. साधे ठोकळे आणि वळणारा एखादा रोबो. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात विकायच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते आधी बघा. आणि ठोकळे घेताना एक करा. दुकानात दोन ठोकळे जोडून मुलालाच काढायला सांगा. त्याला निघाले, आणि वरचा धरून उचलल्यावर खालचा पडला नाही, तर माल ठीक आहे.

चहा बाहेर ठेवलाय, आणि ज्यांना ठोकळे हातात घेऊन व्हर्नियरनं मोजायचे आहेत त्यांनी इथेच थांबा.