धर्मशाळेतील सोबती

आज मुंबईहून निघालेला मनुष्य एका रात्रीत पंढरपुरास पोहोचतो. आगगाडी येण्यापूर्वी प्रवास एवढा सोपा नव्हता. काशीयात्रेस जाणारा माणूस आप्तेष्टांचा निरोप घेऊन निघे, तो कित्येक महिन्यांनी परत येई; कधी येतही नसे. दिवसभर चालावे आणि दिवस कलला, की मुक्कामाची जागा शोधावी, असा त्याचा क्रम असे. अशा पांथस्थाला रात्रीपुरता आसरा मिळावा म्हणून धर्मबुद्धीने बांधून ठेवलेली वास्तू म्हणजे धर्मशाळा.

ही कल्पना आपल्या देशात फार जुनी आहे. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेला वड लावले, विहिरी खणल्या व विश्रांतिस्थाने बांधली, असा उल्लेख त्याच्या स्तंभलेखात आहे. सोळाव्या शतकात शेरशहाने राजमार्गांवर सराया उभारल्या. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी तर आपल्या राज्याच्या सीमेबाहेरही, दूरदूरच्या तीर्थक्षेत्रांत, घाट व धर्मशाळा बांधविल्या.

जुन्या धर्मशाळेची रचना साधी असे. मध्ये फरसबंद चौक, चौकात विहीर आणि सभोवती ओवऱ्या. ओवरी म्हणजे तीन बाजूंनी भिंती असलेली आणि चौकाच्या बाजूने उघडी जागा. चौथी भिंत नाही ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण धर्मशाळेचे सारे रहस्य तिच्यातच आहे. दार लावून घेण्याची सोयच नसल्याने शेजारच्या ओवरीत कोण उतरले आहे, त्यांच्यात कोणी आजारी आहे काय, त्यांचे मूल का रडते आहे, हे सर्वांना आपोआप कळे.

संभाषणाला आरंभ बहुधा विस्तवावरून होई. त्या काळी आगकाड्या नव्हत्या. ज्याची चूल आधी पेटली असेल, त्याच्याकडे उशिरा आलेला वाटसरू जाई आणि गोवरीवर निखारा मागून आणी. निखाऱ्याबरोबर दोन शब्दही येत. "कोठून आलात? पुढे कोठवर जाणार?" मग एकाजवळचे मीठ दुसऱ्याच्या पिठात पडे. पंढरपुरास कर्नाटकातूनही यात्रेकरू येतात. त्यांच्या पाण्याला 'नीरु' आणि मिठाला 'उप्पु' म्हणतात, हे मराठी शेतकऱ्याला कोणत्या शाळेत शिकावे लागले नाही. विहिरीच्या काठावर ते त्याला कळले.

या ओळखी केवळ करमणुकीच्या नसत. पुढच्या नदीला उतार आहे की पूर आला आहे, कोणत्या रानात चोरांचे भय आहे, हे सांगायला तेव्हा वर्तमानपत्र नव्हते. समोरून आलेला वाटसरू हेच त्यांचे वर्तमानपत्र! एकटा आलेला यात्रेकरू रात्री सोबत जमवी आणि पहाटे आठ-दहा जणांच्या मेळ्यात मिळून निघे. आदल्या सायंकाळी जे एकमेकांना अनोळखी होते, तेच दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या जिवाला आधार होत.

परंतु उघड्या ओवरीचा हा उंबरठा सर्वांसाठी उघडा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. अस्पृश्य मानलेल्या लोकांना पुष्कळ धर्मशाळांत प्रवेश मिळत नसे. तेही त्याच वाटेने चालून येत, त्याच विठ्ठलाचे नाव घेत आणि आषाढाच्या पावसात बाहेर भिजत. हे पाहून संत गाडगेबाबांनी पंढरपुरास त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. बाबांच्या अंगावर चिंध्या आणि हातात खराटा. पण कीर्तनातून लोकांकडून मिळविलेल्या पैशांतून त्यांनी नाशिक, आळंदी अशा अनेक ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची ही वास्तू त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

याच काळात कायदेमंडळातही हा प्रश्न गाजत होता. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात म्हटले होते. ठराव झाला, तरी दारे लगेच उघडली नाहीत. स्वातंत्र्यानंतर १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक धर्मशाळेत मज्जाव करणे हा शिक्षेस पात्र अपराध ठरविला.

आता तीर्थक्षेत्री खोल्यांची भक्तनिवासे झाली आहेत. त्यांना दारे आहेत, दारांना कड्या आहेत. त्यामुळे सोय वाढली. शेजारी कोण उतरले आहे, हे मात्र सकाळी निघतानाही ठाऊक नसते. तरीही जुनी रीत अगदीच मोडलेली नाही. मुंबईत दादरला गाडगेबाबांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आहे. तेथे यात्रेकरू नव्हेत, तर परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारे दूरदूरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. कोणी विदर्भातील, कोणी बिहारमधील, कोणी बंगालमधील. रुग्णालयात सकाळी किती वाजता रांग लावावी, कोणते कागद जवळ ठेवावेत, हे नव्याने आलेल्याला तेथे महिनाभर राहिलेला माणूस समजावून सांगतो.