चार स्क्रूंचा धंदा: रायफलच्या दुर्बिणीच्या रेलसाठी स्क्रू कसा निवडायचा?



या आठवड्याचा व्हिडिओ एका अगदी छोट्या वस्तूवर आहे: रायफलवर दुर्बीण बसवताना जी रेल लागते, तिचे स्क्रू. व्हिडिओत वस्तू हातात धरून दाखवता येते, पण आकडे लक्षात राहत नाहीत. म्हणून सगळे आकडे इथे लिहून देतोय. वाचा आणि वहीत उतरवून घ्या.

तुम्ही म्हणाल, "सर, आपण मीरा-भाईंदरची माणसं. आपला रायफलशी काय संबंध?"

संबंध आहे. २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत १० मीटर एअर रायफलचं सुवर्णपदक जिंकणारा रुद्रांक्ष पाटील आपल्या शेजारच्या ठाण्याचा. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. या स्पर्धांमध्ये दुर्बीण चालत नाही, तिथे बारीक छिद्राची साइट लावतात. पण तीसुद्धा रायफलवरच्या रेललाच पकडलेली असते. छंद म्हणून एअर रायफल घेणारे मात्र दुर्बीण लावतात, आणि तिथे पहिली तक्रार ठरलेली असते: "निशाणा रोज सरकतोय." पुष्कळदा दोष दुर्बिणीचा नसतो. खालचा स्क्रू चुकलेला असतो.

आधी कायदा, मग धंदा

हा भाग गाळून पुढे जाऊ नका. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं, विकणं, दुरुस्त करणं या सगळ्याला परवाना लागतो. बंदुकीचे सुटे भागही यात येतात. त्यामुळे परवान्याशिवाय खऱ्या बंदुकीला हात लावायचा नाही, "फक्त स्क्रूच बदलून देतो" असं म्हणूनसुद्धा नाही. एअर रायफलचं वेगळं आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. यापेक्षा मोठी असेल तर लागतो. काम सुरू करण्याआधी आपल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात लेखी विचारून घ्या. एक कागद फाइलला लागला की झोप शांत लागते.

एका कागदाच्या जाडीची किंमत

झेरॉक्सचा एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. समजा, रेलचे पुढचा आणि मागचा हे दोन स्क्रू एकमेकांपासून १०० मिलिमीटरवर आहेत. मागचा स्क्रू ढिला होऊन रेल तेवढीच, एका कागदाएवढी उचलली गेली. मग निशाणा किती सरकेल?

- १० मीटरवर १० मिलिमीटर
- ५० मीटरवर ५० मिलिमीटर, म्हणजे ५ सेंटिमीटर

आता तुलना करा. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका असतो फक्त अर्धा मिलिमीटर. गिऱ्हाईक हजारो रुपयांची दुर्बीण घेतं आणि काही रुपयांचा स्क्रू सगळ्यावर पाणी फिरवतो. तुमचा धंदा नेमका या फटीत आहे.

स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये आणखी एक भानगड असते. पिस्टन सुटताना रायफलला मागे धक्का बसतो आणि पिस्टन टोकाला आदळला की पुढे. असा दुहेरी धक्का प्रत्येक गोळीला बसतो. त्यामुळे "छोटी एअरगन आहे, कसाही स्क्रू चालेल" हा हिशेब इथे चुकतो.

प्रश्न पहिला: आटे कोणते?

स्क्रू निवडताना जाडी बघायची, ही अर्धीच गोष्ट झाली. दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, तितकंच महत्त्वाचं.

अमेरिकन पद्धतीच्या रेलमध्ये दोन मापं जास्त दिसतात:

- ६-४८: जाडी ०.१३८ इंच (३.५१ मिमी), एका इंचात ४८ आटे
- ८-४०: जाडी ०.१६४ इंच (४.१७ मिमी), एका इंचात ४० आटे

आपल्या बाजारात मिळतात मिलिमीटरचे स्क्रू: एम ३, एम ३.५, एम ४. आता सापळा बघा. एम ३.५ ची जाडी ३.५ मिमी आणि ६-४८ ची ३.५१ मिमी. डोळ्याला दोन्ही सारखेच. पण एम ३.५ चा पिच ०.६ मिमी आहे आणि ६-४८ चा ०.५३ मिमी. प्रत्येक फेऱ्याला ०.०७ मिमीचा फरक पडतो. पहिले एक-दोन फेरे स्क्रू छान जातो, मग जड होतो. कारागीर म्हणतो, "बसतोय, थोडा जोर लाव." पाचव्या फेऱ्यापर्यंत फरक अर्ध्या पिचच्या पुढे गेलेला असतो आणि भोकातले आटे जातात. स्क्रू तुमचा, पण रायफल गिऱ्हाइकाची. ती भरपाई तुमच्या खिशातून जाणार.

एम ४ आणि ८-४० ची जोडीही अशीच फसवी आहे.

नियम एकच: स्क्रू दोन बोटांनी, चावी न लावता शेवटपर्यंत गेला पाहिजे. मध्येच अडला तर थांबा, काढा, मोजा. त्यासाठी व्हर्निअर कॅलिपर आणि पिच गेज, दोन्ही प्रकारचा, एमएमचा आणि इंचाचा, पेटीत ठेवा. ही दोन हत्यारं नसतील तर हे काम घेऊ नका.

प्रश्न दुसरा: लांबी किती?

इथे अंदाजपंचे चालत नाही. साधं गणित आहे:

*स्क्रूची लांबी − रेलची जाडी = भोकात जाणारा भाग*

पोलादात हा भाग निदान स्क्रूच्या जाडीएवढा हवा. ॲल्युमिनियममध्ये दीड ते दोन पट. उदाहरण घेऊ. स्क्रू ३.५ मिमीचा, डोक्याखाली रेलची जाडी ४ मिमी, पोलादातलं भोक ६ मिमी खोल. कमीत कमी लांबी ४ अधिक ३.५, म्हणजे ७.५ मिमी. जास्तीत जास्त ४ अधिक ६, म्हणजे १० मिमी. पण तळाला टेकू नये म्हणून १ मिमी सोडा, राहिले ९ मिमी. मग घ्यायचा ८ मिमीचा.

लांब स्क्रू आखूडपेक्षा जास्त धोक्याचा. बंद भोकात तो तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो आणि रेल मात्र सैलच राहते. आरपार भोक असेल तर आत घुसून पिस्टनला किंवा इतर भागाला घासतो. पुढचा आणि मागचा स्क्रू एकाच लांबीचा असेल असंही धरून चालू नका. प्रत्येक भोक वेगळं मोजा.

आणि दुकानात मागताना हे लक्षात ठेवा: सीएसके, म्हणजे तिरप्या डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात. ॲलन बोल्टची लांबी डोक्याच्या खालून मोजतात. रेलचा खड्डा तिरपा असेल तर सीएसकेच, सपाट असेल तर सपाट बुडाचं डोकं. तिरप्या खड्ड्यात सपाट बुडाचा स्क्रू फक्त कडेवर टेकतो आणि काही गोळ्यांतच सैल होतो.

प्रश्न तिसरा: माल कोणता?

डोक्यावरचे किंवा डब्यावरचे आकडे वाचायला शिका. ८.८ म्हणजे साधारण ८०० मेगापास्कलला तुटणारा, १२.९ म्हणजे १२०० ला. स्टेनलेसवर ए२-७० लिहिलेलं असतं, म्हणजे ७००. साध्या एमएसचा, आकडा नसलेला स्क्रू या कामाला नको.

आपल्याकडे आणखी एक अडचण: हवा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र. काळा १२.९ चा स्क्रू पावसाळ्यात गंजतो, म्हणून बसवल्यावर डोक्यावर तेलाचं बोट फिरवायचं. स्टेनलेस गंजाला बरा, पण स्टेनलेसमध्ये स्टेनलेस कोरडा आवळला तर आटे एकमेकांना चिकटून जाम होतात.

यावर काही जणांना युक्ती सुचते: "१२.९ चे स्क्रू घेऊ आणि बाजूच्या गाळ्यात झिंक प्लेटिंग करून घेऊ." हे करू नका. प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन पोलादात शिरतो. इतक्या कडक स्क्रूमध्ये तो अडकून राहिला तर स्क्रू आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी, कुणी हात न लावता, डोकं तुटून पडतं. दिसायला चकचकीत, पण आतून ठिसूळ.

प्रश्न चौथा: किती आवळायचा?

"हाताला कळतं" हे उत्तर वर्कशॉपमध्ये खूप ऐकू येतं. हिशेब करू. ६ सेंटिमीटर लांबीच्या ॲलन चावीच्या टोकाला फक्त साडेतीन किलोचा जोर दिला की २ न्यूटन-मीटर होतात. ६-४८ च्या स्क्रूला साधारण १.७ ते २.३ न्यूटन-मीटर पुरे. ८-४० ला साधारण अडीच ते तीन. रेल बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. म्हणजे तगडा कारागीर एका झटक्यात हद्द ओलांडू शकतो. म्हणून टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्या. हा खर्च नाही, विमा आहे.

क्रम असा ठेवा:

१. स्क्रू आणि भोक ॲसिटोनने पुसून तेल काढा.
२. निळ्या रंगाचं, म्हणजे पुन्हा उघडता येणारं थ्रेडलॉकर एक थेंब लावा. लाल नको, ते उघडायला गरम करावं लागतं.
३. सगळे स्क्रू आधी हाताने बसवा, मग थोडे थोडे आळीपाळीने आवळा.
४. २४ तास तसंच ठेवा. त्याआधी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देऊ नका.

यात पैसा कुठे आहे?

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला स्क्रू किलोच्या हिशेबाने मिळतो. तिथल्या व्यापाऱ्याशी भावात स्पर्धा करायला गेलात तर हरलात. पण तो व्यापारी चार स्क्रू मोजून, लांबी ठरवून, पाकिटात घालून देणार नाही. तुमच्या गिऱ्हाइकाला मात्र नेमके चारच हवेत.

तर विकायचं काय? पाकीट. त्यात योग्य आट्यांचे, दोन लांबीचे स्क्रू, एक नेमक्या मापाची चावी, थ्रेडलॉकरची छोटी बाटली आणि एक कार्ड: आटे, लांबी, ग्रेड, टॉर्क, तारीख. ते कार्ड हीच तुमची खरी किंमत. समजा पाकिटाचा खर्च ८० रुपये आला आणि तुम्ही २५० ला विकलं, तर गिऱ्हाईक महाग म्हणणार नाही, कारण त्याचा दुर्बिणीवरचा पैसा वाचतोय. पण एका रायफलचे आटे गेले तर अशा कितीतरी पाकिटांचा नफा एका दिवसात जाईल. म्हणून आधी मोजायचं, मग विकायचं.

आणि एअर रायफलचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. हेच चार प्रश्न दुसऱ्या कामालाही लागतात. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची, इंचाला २० आट्यांचा असतो, आणि लोक त्यात एम ६ घुसवून कॅमेरा खराब करतात. सीसीटीव्हीचा ब्रॅकेट, शिलाई मशीन, जिमचं मशीन, सगळीकडे आटे, लांबी, माल, आवळणं. वस्तू बदलते, प्रश्न तेच राहतात.

या आठवड्याचं काम

घरातल्या किंवा गाळ्यातल्या डब्यातून दहा वेगवेगळे स्क्रू काढा. प्रत्येकाची जाडी, पिच, लांबी आणि डोक्यावरचा आकडा वहीत लिहा. मग त्यातला कोणता कशाला चालेल आणि कशाला अजिबात चालणार नाही, ते समोर लिहा. दहाच्या दहा न अडखळता लिहिता आले की पहिलं पाकीट बनवायला घ्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. ती पाकीट विकायला काढण्याआधी उरकून टाका.

पुढच्या व्हिडिओत बघू, अशा पाकिटाचा भाव कसा ठरवायचा. तोपर्यंत कॅलिपर हातात घ्या आणि मोजायला लागा!