‘वी’ : वजनातून आलेला इवलेपणा

इंग्रजीतील ‘वी’ या विशेषणाचा अर्थ चिमुकला, इवलासा. त्याचे मूळ मात्र जुन्या इंग्रजीतील वजनवाचक नामात आहे. वजन करण्यासाठीचे ‘वे’ हे क्रियापद त्याच कुळातले. मध्ययुगात उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये ‘अ लिटल वी’ म्हणजे ‘थोडेसे’ किंवा ‘क्षणभर’. पुढे ‘लिटल’ गळाले आणि त्याचा अर्थ ‘वी’लाच चिकटला. नांगराने बीळ मोडलेल्या उंदरावर रॉबर्ट बर्न्सने १७८५ मध्ये लिहिलेल्या स्कॉट्स कवितेचा पहिलाच शब्द ‘वी’ आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये तो आजही रोजच्या बोलण्यात आहे. मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या काही तासांना इंग्रजीत ‘वी अवर्स’ म्हणतात.