संगणकाला डिस्क दिसेना? घाबरू नका, घाईही करू नका!

धान्य कणगीत, दागिने पेटीत आणि कागदपत्रे ट्रंकेत, ही आपल्या घरांची जुनी रीत. अलीकडे त्यात आणखी एका डबीची भर पडली आहे. मुलीच्या लग्नाची चित्रफीत, देवाघरी गेलेल्या आजोबांचा आवाज, नातवाचे बारशाचे फोटो, दूध संस्थेचा दहा वर्षांचा हिशेब, असे सारे काही तळहाताएवढ्या हार्ड डिस्कमध्ये साठवलेले असते. आणि एके दिवशी ती जोडली तर संगणकाला ती दिसतच नाही! सातबाऱ्याचा उतारा सरकारकडून पुन्हा मिळतो. आजोबांचा आवाज पुन्हा मिळत नाही. म्हणून अशा वेळी काय करावे, आणि त्याहूनही काय करू नये, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

डिस्कच्या पोटात काय असते?

डिस्कच्या आत चकचकीत गोल तबकड्या असतात. मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे अशा वेगाने त्या फिरतात. तबकडीवर चुंबकीय थर असतो व त्यातच आपली माहिती लिहिलेली असते. ती वाचणारे बारीक ‘हेड’ तबकडीला न टेकता वरून फिरते. दोहोंतले अंतर आपल्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी! 1956 साली आय.बी.एम. कंपनीने अशी पहिली यंत्रणा बाजारात आणली, तेव्हा तिच्यात 24 इंची 50 तबकड्या होत्या आणि त्यांत मावत होती फक्त 50 लाख अक्षरे. आज एवढी माहिती मोबाइलच्या दोन-चार फोटोंतच संपते.

मोटार पाणी ओढेना म्हणून विहीर आटली, असे आपण म्हणत नाही. आधी फ्यूज पाहतो, वायर पाहतो, फूटव्हॉल्व्ह पाहतो. डिस्कचेही तसेच आहे. ती दिसत नाही याचा अर्थ माहिती गेली असा नव्हे. पुष्कळदा माहिती जागेवरच असते, तिच्यापर्यंत जाणारी वाट तेवढी तुटलेली असते.

आधी कान द्या

डिस्क जोडल्यावर तिच्याजवळ कान न्या. ‘टक्-टक्’ किंवा घासल्यासारखा आवाज आला, तर तत्काळ बंद करा. हेड बिघडले असण्याची ही खूण होय. अशा स्थितीत ती चालू ठेवली तर तबकडीवरचा थर खरवडला जातो, आणि थर गेला की माहितीही कायमची गेली. तीच डिस्क पुन:पुन्हा लावून पाहणे हे सर्वांत मोठे नुकसान.

आवाज नेहमीसारखा मंद येत असेल, किंवा मुळीच येत नसेल, तर सोप्या गोष्टी तपासा. केबल बदला. दुसऱ्या खाचेत लावा. शेजारच्या घरातल्या संगणकाला जोडून पाहा. लहान डिस्क संगणकाकडूनच वीज घेते. लांब केबल असली किंवा एकाच खाचेतून चार वस्तू जोडल्या असल्या तर तिला पुरेशी वीज मिळत नाही. मोठ्या डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर लागतो व तो बहुधा 12 व्होल्टचा असतो. पिन बसते म्हणून लॅपटॉपचा 19 व्होल्टचा चार्जर चुकूनही लावू नका. आतली पट्टी जळेल.

कधी बिघाड डिस्कमध्ये नसून तिच्या बाहेरच्या डबीतल्या छोट्या पट्टीत असतो. जाणकार माणूस डिस्क बाहेर काढून थेट संगणकाला जोडून पाहतो. मात्र काही डिस्कमध्ये ही पट्टीच माहिती कुलूपबंद करते, त्यामुळे ती पट्टी फेकू नये.

‘फॉरमॅट’ला नकार द्या

कित्येकदा डिस्क संगणकाला दिसते, पण तिच्यातला मजकूर उघडत नाही. पडद्यावर प्रश्न येतो, ‘फॉरमॅट करायचे का?’ किंवा ‘इनिशियलाइज करायचे का?’ याला ‘नाही’ म्हणावे. होकार देणे म्हणजे वहीची अनुक्रमणिका फाडणे. तिच्यावर नवी फाइलही ठेवू नका. नव्या मजकुराखाली जुना कायमचा दबतो.

योग्य रीत अशी: प्रथम ‘डीडीरेस्क्यू’सारख्या साधनाने सबंध डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या निरोगी डिस्कवर घ्यायची. पुढचे सारे प्रयोग या नकलेवर. ‘टेस्टडिस्क’ व ‘फोटोरेक’ ही साधने त्यातून फाइली शोधून काढतात. ही तिन्ही फुकट मिळतात. गावात संगणक शिकलेला मुलगा असेल तर हे काम त्याला जमण्यासारखे आहे. मात्र संगणकाला डिस्कचा पत्ताच लागत नसेल, तर ही साधने निरुपयोगी.

डिस्क घरी उघडू नये. धुळीचा एक कण हेडच्या वाटेत डोंगरासारखा असतो. म्हणून जाणकार ती धूळमुक्त खोलीतच उघडतात. फ्रीजमध्ये ठेवण्याचा ऐकीव उपायही टाळा. आत दव धरते. दुसऱ्या डिस्कची पट्टी बसवूनही बहुधा भागत नाही, कारण त्या डिस्कपुरत्या नोंदी मूळ पट्टीवरच्या चिपमध्ये असतात. हे काम जाणकाराचेच. त्याचा खर्च हजारांच्या घरात जातो, म्हणून आधी लेखी अंदाज घ्या, आणि माहिती निघाली नाही तर किती पैसे द्यायचे तेही ठरवून घ्या.

आगीतून वाचलेली डिस्क

1 फेब्रुवारी 2003 रोजी ‘कोलंबिया’ हे अंतराळयान परतीच्या वाटेवर फुटले. आपल्या कर्नालची कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी त्यात दगावले. अवशेषांत काही महिन्यांनी एका प्रयोगाची जळालेली हार्ड डिस्क सापडली. तज्ज्ञांनी तबकड्या काढून स्वच्छ केल्या, नव्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे 99 टक्के माहिती परत मिळवली! त्या प्रयोगाचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. त्याच यानातल्या दुसऱ्या डिस्कमधून मात्र काही निघाले नाही. तेव्हा आशा सोडू नये, पण दैवावर विसंबूनही राहू नये.

सारे बियाणे एकाच कणगीत कोणी ठेवत नाही. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती ठेवा. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या घरी, शहरातल्या लेकीकडे म्हणा, असावी. वीज जा-ये करत असेल तर डिस्क जोडून ठेवू नका. आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा या प्रती उघडून पाहा. आजोबांचा आवाज तिन्हींतून ऐकू येतो ना, एवढी खात्री करून घ्या.