परदेशातील पत्ता आणि देशाचे नाव

जर्मनीला तेथील लोक 'डॉइचलँड' म्हणतात. फ्रेंच भाषेत तो 'आलमान्य' होतो, तर फिनलंडमध्ये 'साक्सा'. देश एकच, हे माणसाला एकदा सांगितले की उमगते. संगणकाला मात्र ही निरनिराळी नावे म्हणजे निरनिराळे देशच वाटतात. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे पत्ते संगणकावर नोंदविताना कोणी 'अमेरिका', कोणी 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने', तर कोणी 'यूएसए' असे लिहिले, की मोजणीत तीन देश निघतात. अमेरिकेतील सर्वांना निमंत्रण धाडावयाचे ठरले, तर त्यांतील कित्येकांना ते जातच नाही. याचा दोष नोंद करणाऱ्या कारकुनाला देता येणार नाही. देशाचा रकाना मोकळा सोडणाऱ्या आज्ञावलीकडेच तो जातो.

यावरील उपाय जुना आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 1974 साली प्रत्येक देशासाठी रोमन अक्षरांचे संकेत ठरवून दिले. भारताचा दोन अक्षरी संकेत 'आय-एन', जर्मनीचा 'डी-ई'. पत्तावहीने हा संकेत साठवावा आणि पडद्यावर वाचकाच्या भाषेतील नाव दाखवावे. निरनिराळ्या भाषांतील देशनामांचे तक्ते युनिकोड संस्थेने तयार केलेले असून त्यांत मराठीही आहे. यादीचा क्रमही भाषेप्रमाणे बदलावयास हवा, हे ओघानेच आले.

नामांतराच्या वेळी या पद्धतीचा लाभ विशेष जाणवतो. 2018 मध्ये स्वाझीलंडचे इस्वातिनी झाले, 2022 मध्ये तुर्कस्तानने संयुक्त राष्ट्रसंघात 'तुर्किये' हे नाव घेतले. संकेत तेच राहिले. तथापि संकेतही अढळ नसतात. 1989 मध्ये ब्रह्मदेशाचे नाव म्यानमार झाले, तेव्हा 'बी-यू' जाऊन 'एम-एम' आला. जुन्या नोंदी त्यानुसार सुधारून घेणे क्रमप्राप्त ठरते.

पत्त्यांची देवघेव ज्या 'व्ही-कार्ड' नमुन्यात होते, त्यात देशाचे नाव साध्या मजकुराच्या रूपानेच जाते. सोबत संकेत जोडण्याची सोय 2019 मध्ये झाली. ती ऐच्छिक आहे.

खरी मेख आहे ती लिफाफ्यावर. देशाचे नाव पत्त्याच्या शेवटच्या ओळीत, ठळक मोठ्या अक्षरांत असावे आणि ते शक्यतो पत्र पाठविणाऱ्या देशाच्या अथवा आंतरराष्ट्रीय परिचयाच्या भाषेत असावे, असा जागतिक टपाल संघाचा दंडक आहे. कारण उघड आहे. ही ओळ प्रथम वाचतो तो पाठविणाऱ्या देशातील टपाल कर्मचारी. वरच्या ओळी वाचावयाच्या त्या पोहोचत्या देशातील पोस्टमनने. बर्लिनहून साताऱ्यास येणाऱ्या पत्रावर 'इंडियन' हे भारताचे जर्मन नाव चालते. उलट साताऱ्याहून जाणाऱ्या पत्रावर 'डॉइचलँड' छापले, तर येथील वर्गीकरण करणारा अडखळेल. तेथे इंग्रजीतील 'जर्मनी' हवे. म्हणजे पडद्यावरचे नाव वाचकाच्या भाषेतले आणि लिफाफ्यावरचे पत्र ज्या देशातून निघते तेथील टपालास कळणारे, असा भेद आज्ञावलीने पाळला पाहिजे. देशांतर्गत पत्रावर तर ही ओळ मुळीच छापू नये.