मोक्षाच्या वाटेचे नकाशे

सापशिडी ठाऊक नाही असे घर शोधूनही सापडायचे नाही. पण बाजारातल्या पुठ्ठ्यावरचा साप मुका असतो. तो गिळतो, का गिळतो हे सांगत नाही. आपल्या जुन्या मोक्षपटाचे तसे नव्हते. तिथे घरांना नावे असत. काम, क्रोध, मत्सर अशा ओळखीच्या शत्रूंनी खाली ओढायचे आणि भक्ती, दया अशा गुणांनी वर चढवायचे! कवड्या टाकता टाकता नीतीचा पाठ व्हायचा.

हा पट ज्ञानेश्वरांनी रचला असे परंपरा सांगते. आज उपलब्ध असलेले पट मात्र त्यांच्यानंतर कितीतरी शतकांचे आहेत. वैष्णव पटांत बहुधा ७२ घरे, जैन पटांत ८४. एकाने काढावा, दुसऱ्याने उतरवून घ्यावा, असा हा खेळ गावोगाव फिरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो विलायतेत गेला आणि पुढे घरांची नावे गळून नुसती सापशिडी उरली.

पुण्याच्या वा. ल. मंजूळ यांना रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात असे पट मिळाले. डेन्मार्कच्या याकोब श्मिट-माडसेन यांनी तर याच खेळावर कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध लिहिला. हे वाचून आम्हा तिघांनाही नाद लागला. मी नांदेडचा मराठीचा मास्तर, दुसरे लातूरचे निवृत्त चित्रकला-शिक्षक, तिसरे इंदूरचे एक मराठी गृहस्थ. पट हाताने उतरवायचा आणि नळकांड्यात घालून टपालाने धाडायचा. "मोबाईलवर फोटो येतो की!" असे घरची मंडळी म्हणतात. खरे आहे, पण फोटो नुसता पाहिला जातो. उतरवायचा म्हटले की अक्षर न् अक्षर वाचावे लागते.

यंदा मात्र आमचे वाजले. लातूरच्या पटाचा एक कोपरा कसरीने खाल्लेला. नेमके एका लांबलचक सापाच्या तोंडचे नाव गेलेले.

गुरुजी म्हणाले, "सर, इंदूरच्या पटात इथे 'अहंकार' आहे. तेच लिहून टाकू. भोकाचा पट पोरं खेळतील कशी?"

मी म्हटले, "गुरुजी, आज आपण अंदाजाने लिहू. उद्या कुणी आपली नक्कल उतरवील, त्याला तो अंदाजच मूळ वाटेल."

पंधरा दिवस पत्र नाही, फोन नाही. मग एक जाडजूड नळकांडे आले. आत दोन पट! एकात ते घर कोरे, दुसऱ्यात 'अहंकार', पण लाल शाईने, आणि खाली टीप: "हा शब्द इंदूरचा." गुरुजींनी जुना पटही राखला आणि पोरांचा खेळही.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक उघडाल. एखाद्या जीर्ण कापडावर चौकोन आणि साप दिसले, तर ते बोहारणीच्या हाती देऊ नका. आधी नीट उलगडा, नावे वाचा आणि एक नक्कल उतरवून घ्या. जे वाचता येणार नाही, ते घर कोरेच ठेवा.